प्रक्षेपणासाठी अ‍ॅनिमेशन देताना: फ्रेम, फील्ड आणि शिरोरेषा

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्थानिक पतसंस्थेसाठी २० सेकंदांची अ‍ॅनिमेटेड जाहिरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केली. ती सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने थेट एमपी४ फाइल म्हणून काढली. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर ती उत्तम दिसली, परंतु वाहिनीने फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), फील्ड (फ्रेमचा एक हप्ता), व्हिडिओ लेव्हल आणि आवाज असे चार शेरे मारून ती परत पाठवली. गणेश चतुर्थीपूर्वी जाहिरात पुन्हा द्यायची आहे, तेव्हा एक्स्पोर्ट करताना नेमके कोणते फॉरमॅट निवडावे आणि सगळे काम पुन्हा रेंडर करावे, म्हणजे संगणकाकडून चित्रे पुन्हा काढून घ्यावी, लागेल का, असे विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते. आपल्याकडील बहुतेक एचडी वाहिन्यांना १९२० बाय १०८० आकाराचे, ५० फील्डचे इंटरलेस्ड (दोन हप्त्यांत दाखवले जाणारे) चित्र, एक्सडीकॅम एचडी ४२२ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र आवळण्याच्या पद्धतीत, सेकंदाला ५० मेगाबिट दराने, एमएक्सएफ ओपी१ए या वेष्टनात आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पीसीएम (न आवळलेल्या) ध्वनीसह चालते. काही ठिकाणी प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा एव्हीसी-इंट्रा १०० हे कोडेकसुद्धा घेतात. मात्र बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या लहानशा स्टुडिओतून इतकी वर्षे जाहिराती बाहेर पाठवल्यानंतर मी खात्रीने सांगतो की, तुम्हाला मिळालेल्या चार शेऱ्यांपैकी एकही शेरा केवळ हे फॉरमॅट निवडल्याने पुसला जाणार नाही. ३० फ्रेमची, चुकीच्या लेव्हलची फाइल एमएक्सएफमध्ये भरली तर ती एमएक्सएफमधली चुकीची फाइल होते, इतकेच. म्हणून सर्वप्रथम वाहिनीकडून त्यांचे तांत्रिक मागणीपत्रक लेखी मागवावे, आणि माझ्या पुढील म्हणण्यात व त्या पत्रकात कुठे फरक दिसला तर पत्रक खरे मानावे.

आता फ्रेमरेटकडे येऊ, कारण बाकीच्या तीन गोष्टी शेवटी दुरुस्त करता येतात, ही येत नाही. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे ६२५ ओळींचा आणि सेकंदाला २५ फ्रेमचा होता. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही याच चौकटीत. पुढे एचडी आले, ओळी १०८० झाल्या, पण २५ फ्रेम आणि ५० फील्ड हा हिशेब तसाच राहिला. ब्लेंडर नवी फाइल उघडतो तेव्हा त्यात २४ फ्रेमची निवड आधीच केलेली असते, आणि यूट्यूबच्या सवयीने बरेच जण ती बदलून ३० करतात. दोन्ही आकडे आपल्या प्रक्षेपणाला उपयोगाचे नाहीत. २४ चे २५ करणे त्यातल्या त्यात सोपे असते, कारण चित्र सुमारे चार टक्के वेगाने चालवले की भागते, फक्त आवाजाची पट्टी चढते ती सांभाळावी लागते. ३० चे २५ करताना मात्र दर सहा फ्रेमपैकी एक फ्रेम टाकून द्यावी लागते किंवा शेजारच्या फ्रेम एकमेकांत मिसळाव्या लागतात. पहिल्या उपायाने हालचाल अडखळते आणि दुसऱ्याने सावल्या दिसू लागतात.

हा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका शाळेच्या प्रवेशाची जाहिरात मी ३० फ्रेममध्ये केली होती. तीत पिवळी बस उजवीकडून डावीकडे संथपणे जात असे. वाहिनीच्या यंत्राने दर सहावी फ्रेम गाळली आणि ती बस सेकंदाला पाच उसळ्या मारत पडद्यावरून गेली. संस्थाचालकांनी मला दूरध्वनीवर विचारले, "बस खानापूरच्या रस्त्यावरची दाखवली आहे का?" तेव्हापासून कामाची फाइल उघडल्यावर कोणतीही वस्तू जागेवरून हलवण्याआधी मी २५ हा आकडा भरतो.

फील्डचा शेरा समजण्यासाठी इंटरलेस्ड चित्राची रचना डोळ्यांपुढे आणावी लागेल. अशा चित्रात एक फ्रेम दोन हप्त्यांत दाखवली जाते. आधी एक सोडून एक अशा ५४० ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या ५४०. एचडीमध्ये वरचे फील्ड आधी जाते, तर जुन्या पाल डीव्ही फाइलींमध्ये खालचे आधी जात असे. जुना संग्रह वापरून केलेल्या कामात घोटाळे होतात ते येथेच. फील्डचा क्रम उलटा झाला की स्थिर चित्र अगदी निर्दोष दिसते, पण आडवी हलणारी प्रत्येक वस्तू दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे अशी थरथरते. लॅपटॉपचा पडदा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम दाखवणारा, असल्यामुळे आणि बहुतेक प्लेअर इंटरलेस्ड चित्र परस्पर जुळवून दाखवत असल्यामुळे हा दोष तुम्हाला घरी दिसत नाही.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे २५ प्रोग्रेसिव्ह फ्रेम रेंडर करून प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागून देणे. यात दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात आणि हालचाल चित्रपटासारखी भासते. पात्रांच्या अ‍ॅनिमेशनला, विशेषतः एक रेखाटन दोन फ्रेम धरून ठेवणाऱ्या कामाला, हे पूर्णपणे पुरेसे आहे. दुसरा म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम रेंडर करून त्यांतील एकीच्या विषम आणि पुढचीच्या सम ओळी घेऊन खरी इंटरलेस्ड फ्रेम विणणे. आजच्या ब्लेंडरमध्ये फील्ड रेंडरची सोय नसल्याने हे विणकाम एफएफएमपेगसारख्या व्हिडिओ-रूपांतराच्या साधनाने नंतर करावे लागते. रेंडरचा वेळ दुप्पट होतो, म्हणून मी हा मार्ग सरकत्या पट्ट्या, वेगवान पॅन आणि क्रीडाविषयक ग्राफिक्स यांपुरताच ठेवतो. तुमच्या जाहिरातीला पहिला मार्ग घ्या. फक्त मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) बंद ठेवू नका, कारण २५ फ्रेममध्ये ब्लरशिवायची वेगवान हालचाल डोळ्यांना टोचते. शटर अर्ध्या फ्रेमचे असले की बहुतेक दृश्यांना ते शोभते.

तळाशी सरकणारी पट्टी असेल तर तिचा वेग अंदाजाने ठरवू नये. दर फील्डला पूर्ण पिक्सेलमध्ये सरकेल असा आकडा घ्यावा. चार पिक्सेल घेतले तर सेकंदाला २०० पिक्सेल होतात आणि एक अक्षर १९२० पिक्सेलचा पडदा ९.६ सेकंदांत ओलांडते, हा वाचायला सोयीचा वेग आहे. वर चढणाऱ्या नामावलीची गोष्ट आणखी नाजूक असते. ती दर फील्डला विषम संख्येच्या ओळींनी सरकली, तर अक्षरांच्या त्याच त्याच अर्ध्या ओळी दोन्ही फील्डमध्ये येत राहतात आणि उरलेल्या अर्ध्या कधी दिसतच नाहीत. दर फील्डला दोन ओळी, म्हणजे १०८० ओळींना १०.८ सेकंद, हा माझा नेहमीचा हिशेब आहे.

आता परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही अशी आपली अडचण सांगतो. इंटरलेस्ड चित्रात एकाच ओळीएवढी बारीक आडवी रेषा आली, तर ती एकाच फील्डमध्ये दिसते आणि दुसऱ्यात नाहीशी होते. म्हणजे ती सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. रोमन अक्षरांत अशा लांब आडव्या रेषा फार नसतात. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा असते. हलक्या वजनाचा, नाजूक फॉन्ट लहान आकारात घेऊन "ठेवींवर आकर्षक व्याज" असे लिहिले की शिरोरेषा जेमतेम एका ओळीची उरते आणि जुन्या टीव्हीवर सगळे वाक्य डोक्याकडून थरथरू लागते. कन्नड अक्षरांवरचे तलेकट्टु, म्हणजे डोक्यावरच्या रेघा, तुटक आणि आखूड असल्यामुळे तेथे हा त्रास कमी होतो. त्यामुळेच एकाच जाहिरातीची कन्नड प्रत स्थिर आणि मराठी प्रत थरथरती, असा विचित्र अनुभव आमच्या भागात येतो. यावर उपाय साधे आहेत. प्रक्षेपणासाठी मध्यम किंवा ठळक वजनाचा फॉन्ट घ्यावा, शिरोरेषा १०८० च्या चित्रात निदान तीन-चार ओळींची भरेल एवढा आकार ठेवावा, मजकुराच्या थरावर उभ्या दिशेने अर्धा ते एक पिक्सेल ब्लर द्यावा, आणि चित्र धारदार करणारा फिल्टर मजकुरावर कधीही चालवू नये. लॅपटॉपवर तो मजकूर किंचित मऊ दिसेल, पण टीव्हीवर बरोबर दिसेल.

दोन लिपींत काम करताना ओळींतील अंतराचाही विचार हवा. मराठीत वेलांटी, मात्रा आणि रफार वर चढतात, तर कन्नडमध्ये ओत्तक्षरे (जोडाक्षरांचे खालचे भाग) ओळीच्या खाली उतरतात. मराठीसाठी मापून केलेल्या पट्टीत कन्नड मजकूर टाकला की खालची जोडाक्षरे पट्टीच्या कडेवर बसतात. मी पट्टीची उंची नेहमी दोन्ही भाषांतील सर्वांत लांबरुंद वाक्य ठेवूनच ठरवतो. ब्लेंडरच्या मजकूर-वस्तूत भारतीय लिपींची जोडणी नीट होत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटतात. म्हणून मजकूर इंकस्केप या चित्ररेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकून, त्याचे पाथमध्ये (अक्षरांच्या बाह्यरेषांत) रूपांतर करून, एसव्हीजी फाइलच्या रूपाने आत आणावा. आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर आणि प्राधान्यक्रमांत दक्षिण आशियाई मजकूर-इंजिनाचा पर्याय असेल तर तो निवडल्याशिवाय टंकायला सुरुवात करू नये. पाथ झालेल्या मजकुरातली चूक नंतर सुधारता येत नाही, तेव्हा दोन्ही भाषांचे वाचन त्या त्या भाषेत वाचणाऱ्या माणसाकडून आधीच करून घ्यावे. कन्नड मजकूर शहापुरातला माझा एक शेजारी तपासतो, आणि त्याने एका सणाच्या शुभेच्छांत सापडवलेली चूक मी येथे लिहिणार नाही.

मजकूर पडद्याच्या कडेपासून किती आत ठेवावा, याला युरोपीय प्रक्षेपण संघाच्या आर ९५ या शिफारशीचा आधार घेता येतो. मजकूर चारही बाजूंनी ५ टक्के आत आणि महत्त्वाची हालचाल ३.५ टक्के आत ठेवावी. १९२० पिक्सेलच्या रुंदीत ५ टक्के म्हणजे ९६ पिक्सेल होतात. पतसंस्थेचा दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता या चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. गावोगावच्या केबलवर आणि जुन्या संचांवर कडा कापल्या जातात, आणि कापला जातो तो नेमका शेवटचा आकडा.

तुम्ही थेट एमपी४ काढला, ही पद्धत यापुढे सोडून द्यावी. रेंडर नेहमी सुट्या चित्रांच्या मालिकेत काढावा, म्हणजे १६ बिट पीएनजी किंवा ओपनईएक्सआर या प्रकारच्या चित्रफाइलींत. पावसाळ्यात खानापूर भागात वीज कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. सलग व्हिडिओ फाइल काढताना ४१२ व्या फ्रेमला वीज गेली तर आधीची फाइल बहुधा उघडतही नाही, तर मालिकेत ४११ चित्रे जागेवर असतात आणि पुढचे काम ४१२ पासून सुरू होते. एका फ्रेममध्ये चूक निघाली तर तेवढीच बदलता येते. न आवळलेले १६ बिट चित्र सुमारे १२ मेगाबाइटचे असते, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने २० सेकंदांची ५०० चित्रे जास्तीत जास्त सहा गिगाबाइटच्या आसपास भरतात. ही मालिकाच तुमची मूळ प्रत समजावी आणि तिच्यापासून वाहिनीसाठी एमएक्सएफ, समाजमाध्यमांसाठी एच.२६४ कोडेकची फाइल आणि मिरवणुकीतल्या एलईडी भिंतीसाठी आणखी काही, असे वेगवेगळे अवतार काढावेत. १६ बिटचा आणखी एक लाभ म्हणजे आकाशासारख्या हलक्या रंगछटांत पट्टे पडत नाहीत. एक्सडीकॅम मात्र ८ बिटचाच असल्याने त्यात उतरवण्यापूर्वी अशा छटांवर किंचित दाणा मिसळावा.

व्हिडिओ लेव्हलच्या शेऱ्यासोबत तुम्ही लिहिले आहे की वाहिनीच्या पडद्यावर रंग फिके आणि काळा रंग राखाडी दिसला. यावरून मला कारण बहुतांशी कळते. संगणकात रंग ० ते २५५ या पूर्ण पट्ट्यात असतो. प्रक्षेपणात ८ बिटच्या हिशेबाने काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. हे रूपांतर एकदाच झाले पाहिजे. ते दोनदा झाले तर काळा ३० च्या आसपास चढतो, पांढरा २१८ पर्यंत उतरतो आणि चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते. ते एकदाही झाले नाही तर उलट होते, सावल्या बुजतात आणि उजेड फाटतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत पूर्ण किंवा मर्यादित पट्टा असा पर्याय असतो तो एकाच ठिकाणी निवडावा आणि मग डाविंची रिझॉल्व्ह या संपादन-सॉफ्टवेअरमधल्या वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) काळा खरोखर तळाशी बसला आहे ना हे पाहावे. हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण डोळा दोन मिनिटांत चुकीच्या चित्रालाही सरावतो.

रंग बदलण्याची आणखी दोन कारणे आहेत. एचडीसाठी रेक ७०९ हे रंगमान वापरतात, एसडीसाठी रेक ६०१. एफएफएमपेगला स्पष्ट सांगितले नाही तर तो आरजीबी चित्रांचे रूपांतर ६०१ च्या गुणकांनी करतो आणि टीव्ही ते ७०९ समजून दाखवतो. तेव्हा कुंकवाचा लाल किंचित नारिंगी होतो आणि हिरवा गडद होतो. त्यामुळे रूपांतर ७०९ ने करावे आणि फाइलवर तशी खूणही घालावी. दुसरे कारण ब्लेंडरमध्येच आहे. ४.० आवृत्तीपासून त्यात रेंडरचे रंग पडद्यासाठी बदलणारे एजीएक्स हे रूपांतर सुरुवातीपासूनच लागू असते आणि त्याआधीच्या २.८० पासूनच्या आवृत्त्यांत फिल्मिक होते. प्रकाशाच्या वास्तव दृश्यांना दोन्ही उत्तम आहेत, पण सपाट चित्रांना आणि बोधचिन्हांना ती फिके करतात. बोधचिन्हाचा भगवा छापील कागदाशी जुळत नसेल तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हेच रूपांतर, स्टँडर्डवर ठेवावे.

तुमच्या फाइलीत लाल अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात, याचे कारण वेगळे आहे. तुमच्या एमपी४ मध्ये ४:२:० रचना होती, म्हणजे रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मी साठवलेली होती. ४:२:२ मध्ये ती केवळ आडव्या दिशेला निम्मी होते. एमएक्सएफमध्ये हे बरेच सुधारेल, तरीही गडद निळ्यावर शुद्ध लाल मजकूर टाळावा.

पारदर्शक बोधचिन्ह किंवा खालची पट्टी वेगळी मागितली असेल तर ती प्रोरेस ४४४४ मध्ये किंवा अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) चित्रमालिकेत द्यावी. अल्फा स्ट्रेट (रंगांपासून वेगळा) आहे की प्रीमल्टिप्लाइड (रंगांत आधीच गुणलेला) हे लेखी कळवावे. न कळवल्यास अक्षरांभोवती काळी झालर येते आणि दोष तुमच्या नावावर पडतो.

आवाजाचा शेरा सर्वांत लवकर निकालात निघतो. यूट्यूबच्या सवयीने आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आसपास ठेवला जातो. प्रक्षेपणात त्याच युरोपीय संघाच्या आर १२८ या शिफारशीप्रमाणे सरासरी उणे २३ एलयूएफएस आणि खरे शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको, असा हिशेब असतो. नऊ एककांचा हा फरक म्हणजे घरातल्या माणसाने रिमोट शोधण्याइतका मोठा आहे. वाहिनीच्या पत्रकात दुसरा आकडा असेल तर तोच धरावा आणि मीटर पूर्ण २० सेकंद चालवून मोजावे.

दिवाळीची किंवा गणपतीची जाहिरात करणारे चमचमाट फार करतात, म्हणून एक सूचना. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा पडदाभर उजेड लखलखवू नये, आणि भडक लाल तर मुळीच नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखल्यामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तेव्हापासून अनेक देशांतल्या वाहिन्या याची स्वतंत्र चाचणी घेतात.

राहिला शेवटचा प्रश्न, सगळे पुन्हा रेंडर करावे का. होय, करावे लागेल, पण पुन्हा अ‍ॅनिमेट करावे लागणार नाही. मूळ ब्लेंडर फाइलची प्रत घ्या, फ्रेमरेट २५ करा, कर्सर पहिल्या फ्रेमवर ठेवून डोपशीटमधल्या (वेळापत्रकाच्या खिडकीतल्या) सर्व कळा, म्हणजे कीफ्रेम, ०.८३३३ ने आक्रसून घ्या. ६०० फ्रेमचे ५०० होतील आणि काळ तोच राहिल्याने निवेदनाशी ओठांची जुळणी ढळणार नाही. कापड, धूर, पाणी यांची सिम्युलेशने मात्र पुन्हा बेक करावी, म्हणजे नव्याने गणून साठवावी, लागतील. ठोक्यावर थांबणाऱ्या मुद्रांच्या कळा पूर्ण फ्रेमवर आणून ठेवा. शेवट १ ते ५०० असाच ठेवा. ० ते ५०० ठेवलात तर ५०१ फ्रेम होतात आणि केवळ एका फ्रेमसाठी फाइल परत आलेली मी पाहिली आहे. मराठी आणि कन्नड प्रतींत मजकूर सोडून बाकी सारखेच असेल, तर पार्श्वभूमी एकदाच रेंडर करून मजकुराचा थर अल्फासह वेगळा काढा, म्हणजे दुसऱ्या भाषेचा खर्च काही मिनिटांवर येतो.

एमएक्सएफ तयार झाल्यावर ती पुन्हा एडिटिंगमध्ये उघडून पहिली व शेवटची फ्रेम, फील्डचा क्रम आणि दोन्ही ध्वनिवाहिन्या तपासा. २० सेकंदांना चित्राचेच साधारण १२५ मेगाबाइट होतात, तेव्हा फाइल वाहिनीने दिलेल्या अपलोडच्या दुव्यावर चढवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आजपासून रात्री रेंडर लावलात तर चतुर्थीच्या आधी एकदा तपासून परत येण्याइतका अवधी हाती राहील.